समुद्र यांस, द्वारा लाल बोया

माझी पत्नी सौ. चारुलता ही रोज सकाळी पाच किलोमीटर होडी वल्हवते आणि जिथून निघाली तिथेच उतरते, ही बाब माझ्या निदर्शनास मागच्या दिवाळीनंतर आली. जळगावात, मेहरूणमध्ये आमच्या घराजवळ एक व्यायामशाळा निघाली आहे. तिथे वल्हवण्याचं यंत्र आहे. सरकत्या बैठकीवर बसायचं, पाय रोवायचे, दांडा छातीपर्यंत ओढायचा आणि सोडायचा. खांदा आखडला म्हणून डॉक्टरांनी तिला ते सांगितलं होतं. खांदा महिन्याभरात सुटला, यंत्र काही सुटलं नाही. पाच किलोमीटर झाले की पडद्यावर ‘अभिनंदन’ अशी अक्षरं येत आणि समोरच्या आरशात तीच चारुलता, तोच खांद्यावरचा नॅपकिन.

“अहो,” एके दिवशी ती म्हणाली, “मला एकदा तरी वल्हवून कुठेतरी पोचायचंय.”

सत्तेचाळीस वर्षांची बाई. शाळेत भूगोल शिकवते. लहानपणी विहिरीत डोकावली म्हणून आईचा धपाटा खाल्लेली. मी तिला आमचाच मेहरूणचा तलाव सुचवून पाहिला.

“तलावाला पलीकडचा काठ असतो,” ती म्हणाली, “आणि त्या काठावर तुमच्या ऑफिसातलं कोणीतरी चहा पीत उभं असतं.”

मग तिनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. समुद्रकाठच्या एका शहरात नवशिक्यांसाठी किनारी नौकानयनाचा सहा दिवसांचा वर्ग होता. शेवटच्या दिवशी परीक्षा: किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटरवर पाण्यात तरंगणारा लाल रंगाचा मोठा पिंपासारखा बोया आहे, त्याला वळसा घालून परत यायचं. जोडप्याला सवलत होती. त्या शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या एका कार्यालयात आमची फाईल अजून उघडी आहे.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणं इथे क्रमप्राप्त आहे. मी योगराज चौधरी. कालव्याच्या एका उपविभागात सत्तावीस वर्षं नोकरी. धरणातलं पाणी ठरावीक वेळी कालव्यात सोडतात, त्याला आमच्याकडे आवर्तन म्हणतात. आवर्तन मागणीशिवाय सुटत नाही. शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरायचा, आम्ही त्यात चूक काढायची, त्यानं तो पुन्हा भरायचा, मग पाणी. पाणी आपोआप येतं असं म्हणणारा माणूस मला या सत्तावीस वर्षांत भेटलेला नाही. आमच्या गल्लीतल्या नळालासुद्धा चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही नगरसेवक अण्णांनी लक्ष घातलं म्हणून. पाणी आलं की चौकात अण्णांचा फोटो लागतो. फोटो उतरायच्या आत पुढचं पाणी येतं, त्यामुळे तो हल्ली उतरवतच नाहीत.

आमच्यासोबत चारुलताचे मामाही निघाले. लोटनआबा धुळ्याकडचे, एका गावचे दोन वेळा सरपंच, आणि अकरा उपोषणांचे अनुभवी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. ते गाठोड्यात कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि केळीचे चार किलो वेफर्स बांधून थेट स्टेशनवर उभे होते.

“भाची पान्यावर जाई ऱ्हायनी,” ते म्हणाले, “बरोबर घरना मानूस पाहिजे.”

मी घरचाच आहे हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि खिडकीजवळची जागा घेतली.

रविवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. समुद्र काठोकाठ भरलेला होता. मी सवयीनं पाहणी केली. साठा समाधानकारक होता, गळती दिसत नव्हती, मात्र दुसऱ्या बाजूचा बांध कुठेच दिसेना. चारुलता चप्पल काढून वाळूत उभी राहिली. किती वेळ उभी होती ते मी मोजलं नाही, पण आबांचे अर्धा किलो वेफर्स संपले.

सोमवारी सकाळी साडेसातला वर्ग सुरू झाला. शिकवणाऱ्या सारिका मॅडम पंचविशीच्या, उन्हानं रापलेल्या, आणि अत्यंत कमी शब्दांत बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हाला फुगीर जाकिटं घातली आणि होडीत बसवलं. तिथे मला पहिला धक्का बसला. वल्हवणारा माणूस पाठमोरा बसतो. ज्या दिशेला जायचं, तिकडे त्याची पाठ.

“मॅडम, मग आपण कुठे चाललोय हे बघणार कोण?” मी विचारलं.

“मागच्या टोकाला सुकाणू धरून मी बसणार. मी बघणार.”

“आणि वल्हवणारा?”

“त्यानं वल्हवायचं, काका.”

ही कार्यपद्धती मला नवी नव्हती. कुठे चाललोय ते साहेबांना माहीत असतं, आपण ओढायचं. तरीही मला ते जमलं नाही, कारण त्या होडीतली बैठक सरकती होती. सत्तावीस वर्षं मी ज्या खुर्चीवर बसलो ती एक इंचही कधी हललेली नाही. इथे पाय ताणले की बूड मागे, गुडघे मुडपले की बूड पुढे. तिसऱ्याच हिसक्याला माझं वल्हं पाण्यात रुतलं, दांडा पोटात बसला आणि मी पाय वर करून होडीत आडवा झालो. मंगळवारपासून मला किनाऱ्यावर बसून नोंदी ठेवण्याचं काम देण्यात आलं. ते माझ्या पदाला शोभेसं होतं, म्हणून मी हरकत घेतली नाही.

चारुलताचं मात्र भलतंच काही झालं. यंत्रावरचे सगळे महिने तिच्या हातापायांत साठून राहिले होते. पहिल्या दिवशी तिची होडी गोल गोल फिरली, दुसऱ्या दिवशी वाकडी गेली आणि तिसऱ्या दिवशी सरळ गेली. तळहाताला फोड आले. त्यावर हळद लावून ती पुन्हा गेली. जेवताना भाकरीचा तुकडा मोडतानाही तिची बोटं वल्हं धरल्यासारखी वळत होती. मला तिचा अभिमान वाटत होता. तिला मदत केली पाहिजे, असंही मला तेव्हाच वाटू लागलं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

झालं असं की सोमवारी दुपारी जेवण करून आम्ही पुन्हा किनाऱ्यावर गेलो, तर समुद्र जागेवर नव्हता. सकाळी जिथे होडी तरंगत होती तिथे चिखल, शंख आणि एक तुटकी चप्पल होती. पाणी पार लांब, चकाकत्या रेघेसारखं दिसत होतं.

“जवाईबापू,” आबांनी खिशातल्या वेफर्सवरचा हात काढला, “बठ्ठं पानी कोठे गयं?”

“ओहोटी आहे, मामा,” चारुलता म्हणाली. “संध्याकाळी येईल परत.”

“कोनी सांगं?”

“भूगोलात आहे.”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. भूगोलात पुष्कळ गोष्टी असतात, त्यावर शेत भिजत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी डायरी काढली आणि नोंद घेतली.

पुढचे दोन दिवस मी बारकाईनं निरीक्षण केलं. सोमवारी सकाळी साडेसातला पाणी पूर्ण भरलं. मंगळवारी आठ वीसला. बुधवारी नऊ दहाला. म्हणजे आवर्तन रोज सुटत होतं, पण रोज पन्नास मिनिटं उशिरा. मी सारिका मॅडमना याचा जाब विचारला.

“चंद्रामुळे होतं, काका. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो.”

“रोज?”

“रोज.”

“आणि अख्खा समुद्र त्याच्यावर सोपवला आहे?”

“हो.”

“त्याच्या वरचा अधिकारी कोण?”

मॅडम वल्हं धुवायला निघून गेल्या. मी मनातल्या मनात हिशेब केला. याच गतीनं शनिवारी, म्हणजे परीक्षेच्या दिवशी, पाणी अकरा चाळीसला भरणार होतं. मॅडमनीही परीक्षेची वेळ तीच लावली होती. आणि आमची परतीची गाडी होती बारा चाळीसची.

“तिकीट बदला,” चारुलता म्हणाली.

सुट्ट्यांचे दिवस, तीन बर्थ, तिन्ही कन्फर्म, तेही एका डब्यात. असं तिकीट रद्द करणारा माणूस आमच्या घराण्यात झालेला नाही. त्यापेक्षा समुद्राची वेळ बदलून घेणं सोपं होतं.

“बिगर अर्जनं पानी कोठे येस?” आबांनी दुजोरा दिला. “तीन तास आलीकडे मांगी ल्या.”

“अहो, असं काही करू नका,” चारुलता म्हणाली. “मी जनरलच्या डब्यात उभी राहून येईन. मला फक्त त्या बोयापर्यंत जाऊ द्या.”

पण बायका संकोचामुळे मागत नाहीत, आपल्याला मागावं लागतं, असा माझा तोवर समज होता.

चौकशीअंती कळलं की शहरात किनारपाणी नियंत्रण उपविभाग नावाचं कार्यालय आहे. बुधवारी दुपारी मी आणि आबा तिथे गेलो. आवक-जावक टेबलावर कुंदाबाई होत्या. आडनावाची पाटी वाचून मी विचारलं, तर माहेर भुसावळ निघालं. रेल्वे कॉलनीत वाढलेल्या, त्यामुळे उशीर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी माझा अर्ज चष्मा लावून वाचला.

‘विषय: शनिवारचे समुद्राचे आवर्तन सकाळी नऊ वाजता सोडणेबाबत, तसेच चंद्र या कर्मचाऱ्याच्या हजेरीबाबत.’

“चंद्र कायम आहेत की कंत्राटी?” कुंदाबाईंनी विचारलं.

“पंधरा दिवस वाढत्या कामावर असतात, पंधरा दिवस उतरत्या. महिन्यातून एक दिवस पूर्ण गैरहजर.”

“म्हणजे कंत्राटी,” असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. अर्ज परिपूर्ण होता. सोबत प्रवासाच्या तिकिटाची छायाप्रत, आधार कार्ड, आणि चारुलताचा पासपोर्ट आकाराचा फोटो होता. असा अर्ज परत पाठवायला कोणतंही कारण मिळत नाही, हे मी व्यवसायानं जाणतो.

गुरुवारी आम्हाला साहेबांनी बोलावलं. साहेब गोरे, नीटनेटके आणि अतिशय घाबरलेले होते. टेबलावर जुन्या फायलींचा ढीग होता.

“चौधरी, तुमच्या अर्जामुळे एक गंभीर बाब उघड झाली आहे,” ते म्हणाले. “मी सगळं रेकॉर्ड तपासलं. पाणी येतं त्याची नोंद सापडते. पण ते जातं, त्याला मंजुरी कोणी दिली?”

मी म्हणालो की मी बाहेरचा माणूस आहे.

“रोज दोन वेळा! अब्जावधी लिटर! आणि जावक क्रमांक नाही! कुंदाबाई, आपल्याकडे जावक क्रमांक नाही?”

“पाण्यानं कधी मागितला नाही, साहेब,” कुंदाबाई म्हणाल्या.

“उद्या तपासणी आली, आणि त्यांनी विचारलं की इथलं पाणी कुठे आहे, तर मी काय सांगू? भूगोलात आहे?”

साहेबांचा प्रश्न रास्त होता. आम्ही दोघं पाणीवाले, एकमेकांचं दुःख आम्हाला पटकन कळलं. मी त्यांना दोन-तीन उपयुक्त शब्द सुचवले. त्यांपैकी ‘जैसे थे’ हा त्यांना फार आवडला. तो मी सुचवायला नको होता.

शुक्रवारी सकाळी किनाऱ्यावर फलक लागला. ‘सदर समुद्रातील पाण्याच्या अनधिकृत ये-जा प्रकरणी चौकशी सुरू असून ती पूर्ण होईपर्यंत सदर पाणी आहे त्या ठिकाणी व आहे त्या स्थितीत ठेवण्यात यावे. तसेच सदर पाण्यात कोणीही होडी, वल्हे अथवा पाय घालू नये. हुकमावरून.’

सारिका मॅडमनी फलक वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि वर्ग बंद झाल्याचं सांगितलं. परीक्षा रद्द. बाकीचे नवशिके बॅगा भरून निघून गेले. जाताना एकानं मला हात जोडले. तो नमस्कार नव्हता.

चारुलता फलकाखाली बसली आणि लाल बोयाकडे बघत राहिली. लाट आली की तो वर येई, लाट सरकली की खाली जाई. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.

“तुम्ही माझ्यासाठीच केलंत, ते कळतंय मला,” ती म्हणाली. “पण आयुष्यात पहिल्यांदा मी अशी गोष्ट मागितली होती, की जिला अर्ज लागत नव्हता.”

मला फार वाईट वाटलं. सत्तावीस वर्षांत माझ्यामुळे पुष्कळांचं पाणी अडलं असेल, पण त्यांपैकी कोणी माझ्या शेजारी बसून हळद लावलेले तळहात असे उघडे करून पाहिलेले नव्हते. मी स्थगिती उठवण्यासाठी लगेच दुसरा अर्ज लिहायला घेतला. तिनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि आपल्या पिशवीत टाकलं.

“आते मी उपोषणले बठस,” आबांनी जाहीर केलं. आधी पोटभर जेवून ते फलकाखाली बसले, आणि वेफर्स अन्नात मोजायचे की नाहीत यावर आमच्यात थोडी चर्चा झाली.

शनिवार उजाडला. दहा वाजता साहेब, कुंदाबाई आणि एक वयस्क शिपाई पंचनाम्यासाठी किनाऱ्यावर आले. पंच म्हणून मला आणि आबांना उभं करण्यात आलं. शिपायानं चुन्याची फक्की ओढून पाण्याची हद्द कायम केली. साहेबांनी ‘पाणी आहे त्या स्थितीत’ असं लिहायला घेतलं. ‘स्थितीत’ लिहून होईपर्यंत पाणी फक्की ओलांडून पुढे आलं.

साहेबांनी नवी फक्की मारायला लावली. पाणी तीही ओलांडून आलं. तिसरी फक्की मारेपर्यंत साहेबांचे बूट भिजले.

“हा आदेशाचा भंग आहे,” साहेब म्हणाले. “लेखी आदेश असताना! फलक लावलेला असताना!”

“फलक लावला, पण नोटीस दिली का?” मी म्हणालो. ही सवय वाईट आहे. चूक दिसली की माझ्या तोंडून निघतंच.

“नोटीस बठ्ठासले देतस, समुद्रले काब्रं नही?” आबा म्हणाले. समुद्रालाच का वगळायचं, हा त्यांचा मुद्दा साहेबांना पटला.

कुंदाबाईंनी तिथेच वाळूत बसून नोटीस लिहिली. ‘समुद्र, पूर्ण नाव माहीत नाही, वय अज्ञात, राहणार किनाऱ्यालगत, यांस. आपण आज रोजी सकाळी विनापरवाना पुढे सरकल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांवर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’

आता प्रश्न बजावणीचा होता. संबंधित इसम नोटीस घेत नसेल, तर ती त्याच्या मिळकतीच्या दर्शनी भागावर डकवायची असा नियम आहे. सगळ्यांनी समुद्राकडे पाहिलं. समुद्राला दर्शनी म्हणता येईल असा एकच भाग होता: लाल बोया.

शिपाई म्हणाला की आपली निवृत्ती चार महिन्यांवर आली आहे आणि आपल्याला पोहता येत नाही. कार्यालयाची होडी कुठे आहे, असं साहेबांनी विचारलं. ती दुरुस्तीला गेली आहे, असं कुंदाबाईंनी सांगितलं. कधी गेली, हे साहेबांनी विचारलं नाही, कारण दुरुस्तीच्या पत्रावर सही त्यांच्या आधीच्या आधीच्या साहेबांची होती.

“मी नेते,” चारुलता म्हणाली.

सगळे वळले. तिनं जाकीट घातलेलं होतं. ते तिनं कधी घातलं, देव जाणे.

“पण होडीला बंदी आहे,” साहेब म्हणाले.

“शासकीय कामासाठी सूट असते,” मी म्हणालो. एवढं एक वाक्य मी त्या आठवड्यात बरोबर बोललो.

साहेबांनी सूट दिली. सारिका मॅडम शिकाऊ होडी ओढत घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी हसण्यासारखं पाहिलं. त्या सुकाणू धरून मागच्या टोकाला बसल्या. चारुलतानं नोटीस जाकिटाच्या खिशात खुपसली, गोंदाची बाटली पायाशी ठेवली आणि वल्ही हातात घेतली. अकरा वीस झाले होते.

वल्हवणारा पाठमोरा बसतो, हे मी मघाशी सांगितलं. त्याचा दुसरा अर्थ मला त्या दिवशी कळला. ती आमच्यापासून लांब जात होती, पण तोंड आमच्याकडेच होतं. बोयापर्यंत तिचा चेहरा मला दिसत होता, आधी स्पष्ट, मग लहान, मग नुसता ठिपका. एक मोठी लाट आली तेव्हा होडीचं नाक वर उचललं गेलं आणि मी नको इतक्या मोठ्यानं “चारू!” म्हणून ओरडलो. तिनं ऐकलं नसावं. ओढणं थांबलं नाही. मग होडी बोयाच्या मागे गेली, थोडा वेळ दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आली. येताना तिची पाठ आमच्याकडे होती आणि तोंड मोकळ्या समुद्राकडे. ती जाताना जितक्या वेगानं गेली, तितक्या वेगानं परत येत नव्हती, हेही मी नोंदवून ठेवतो.

किनाऱ्याला लागली तेव्हा तिचे केस ओले होते, फोड फुटले होते आणि ती हसत होती. माझ्याकडे बघून नव्हे, असंच.

“पास,” सारिका मॅडम म्हणाल्या.

“बजावली?” साहेबांनी विचारलं.

चारुलतानं मान हलवली. कुंदाबाईंनी ‘नोटीस दर्शनी भागावर डकवून बजावण्यात आली’ असं लिहिलं आणि पंच म्हणून आम्ही दोघांनी सह्या केल्या. तेवढ्यात अकरा चाळीस झाले आणि पाणी काठोकाठ भरून थांबलं.

“पानी उनं का नही?” आबा उठून उभे राहिले. “अर्जवरच उनं!” त्यांनी उपोषण सुटल्याचं जाहीर केलं आणि साहेबांच्या हातून एक वेफर स्वीकारला.

साहेबांनाही तो निष्कर्ष मान्य झाला. नोटीस बजावताच समुद्र जागेवर थांबला, यापेक्षा चांगला अहवाल कोणत्या कार्यालयानं पाठवला असेल? पाणी पुन्हा हलायच्या आत ते जीपमध्ये बसून निघून गेले.

आम्ही धावतपळत स्टेशन गाठलं. गाडी तीन तास उशिरा होती. म्हणजे अर्ज, आदेश, नोटीस, यांतलं काहीच करायची गरज नव्हती. निरोप द्यायला आलेल्या कुंदाबाईंनी सांगितलं की ही गाडी शनिवारी नेहमीच तीन तास उशिरा असते.

“मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“अर्जात विचारलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

गाडीत, आबा झोपल्यावर, चारुलतानं पिशवीतून माझं पेन काढून मला परत दिलं. मग तिनं कागदाचा एक ओला लगदा माझ्या तळहातावर ठेवला. खिशात पाणी शिरून नोटिशीचा असा गोळा झाला होता.

“म्हणजे डकवली नाहीस?”

“बोयाला हात लावला,” ती म्हणाली. “पोचले मी. मग बाकीचं विसरले.”

मी पंच होतो. माझी सही होती. समुद्राला काहीच कळवलेलं नव्हतं, आणि तरी तो सरकारी कागदावर आदेश पाळत होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला विश्वासानं सांगतोय. तो गोळा आता वाळून खडखडीत झाला आहे आणि आमच्या कपाटात, तिच्या शाळेच्या बक्षिसांच्या रांगेत, तिनं ठेवला आहे.

आबांनी फोनवरून बातमी आमच्या आधी जळगावात पोचवली होती. रविवारी मेहरूणच्या चौकात फलक लागला: ‘समुद्रास वेळेवर पाणी मिळवून दिल्याबद्दल मा. योगराज चौधरी यांचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून अण्णांचा फोटो, माझ्या फोटोच्या चौपट. संध्याकाळी सत्कार झाला. शाल मला, श्रीफळ मला, आणि ते धरायला चारुलता. अण्णांनी भाषणात सांगितलं की समुद्राचा प्रश्न अनेक वर्षं प्रलंबित होता. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत दोन प्राध्यापक होते, एक वकील होते, आणि भूगोलाचे तर तीन शिक्षक होते.

टाळ्या चालू असतानाच कोणीतरी ओरडलं, “नळाला पाणी आलं!” माणसं उठली आणि हंडे आणायला पळाली. पळता पळता प्रत्येकानं अण्णांच्या फोटोकडे बघून हात जोडले. मी शालीसकट मंचावर उभा होतो.

“अहो,” चारुलता माझ्या कानाशी म्हणाली, “आज चौथा दिवस आहे. ते येणारच होतं.”

मी तिला हळू बोलायला सांगितलं.

तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, ते मला दिसतंय. हसा. पण तुमच्या नळाला आज पाणी आलं असेल, तर हंडे भरून झाल्यावर जरा चौकापर्यंत जाऊन या आणि तिथे कोणाचा फोटो लागलाय ते बघा. हात तर तुम्ही जाता-येता जोडलेच असतील.